पाण्याचा हिशेब : 'ड्यून' या विज्ञान-महाकादंबरीच्या पडद्यावरील रूपांतरांचा इतिहास (१९७१-२०२४)

प्रस्तावना

कादंबरीवरून चित्रपट तयार झाला की 'मूळ कृतीला न्याय मिळाला काय' हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'श्यामची आई' (१९५३) पासून मराठी समीक्षेतही तो वेळोवेळी विचारला गेला आहे. मात्र न्याय नेमका कशाला मिळावयाचा, हे या प्रश्नात अध्याहृतच राहते. बहुतेक वेळा कथानक आणि प्रमुख पात्रे एवढ्यापुरताच विचार होतो. मोठ्या आवाक्याच्या कादंबरीत या दोहोंच्या खाली एक भूमी असते. त्या भूमीचे हवामान, तेथील पीकपाणी, तेथील माणसांच्या सवयी आणि त्या सवयींमागची कारणे असतात. पटकथाकाराची कात्री प्रथम लागते ती या भागाला. तो कापला तरी कथा पुढे चालते, आणि म्हणूनच तो कापला गेल्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

फ्रँक हर्बर्ट (१९२०-१९८६) या अमेरिकन लेखकाची 'ड्यून' (१९६५) ही कादंबरी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. चित्रपटसृष्टीने ती पाच दशके हाताळली. काही प्रकल्प कागदावरच राहिले, एक चित्रपट आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला, एक दूरचित्रवाणी मालिका झाली आणि अखेर दोन भागांतील चित्रपटाला मोठे यश लाभले. या प्रवासाची हकिकत इंग्रजीत अनेकदा सांगितली गेली आहे. तीत दिग्दर्शकांची प्रतिभा, निर्मात्यांचा हट्ट आणि अंदाजपत्रके यांवर भर असतो. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाला एक मर्यादित प्रश्न विचारला आहे : कादंबरीतील पाण्याचे प्रत्येक रूपांतरात काय झाले?

हा प्रश्न वऱ्हाडातून विचारला जाणे अस्वाभाविक नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही मानवत नाही. पाणी आहे आणि नाहीही, अशा प्रदेशातील वाचक 'ड्यून' वाचताना वाळूतील महाकाय कृमींपाशी थबकण्याआधी पाण्याच्या मापांपाशी थबकेल, हे उघड आहे.

कादंबरीची घडण

हर्बर्ट व्यवसायाने पत्रकार होते. १९५७ मध्ये ते ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी गेले. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याने सरकत येऊन रस्ते व घरे गिळत होत्या आणि विशिष्ट जातीचे गवत लावून शासनाचा कृषी विभाग त्यांना थोपवीत होता. त्या प्रयोगावर लेख लिहावयाचा होता. तो लेख पूर्ण झाला नाही, परंतु त्यासाठी सुरू झालेले वाळवंटाचे वाचन पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. वाळवंटी प्रदेशातील धर्म, टोळ्यांचे लढे, टी. ई. लॉरेन्सचे चरित्र आणि कॉकेशसमधील इमाम शामिलच्या रशियाविरोधी युद्धाचा लेस्ली ब्लँच यांनी लिहिलेला इतिहास (१९६०) ही सामग्री त्या वाचनातून कादंबरीत आली.

ही कादंबरी 'अॅनलॉग' मासिकात डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ आणि जानेवारी ते मे १९६५ अशा दोन टप्प्यांत क्रमशः प्रसिद्ध झाली. पुस्तकरूपासाठी वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. अखेर फिलाडेल्फियाच्या चिल्टन या संस्थेने ती स्वीकारली. मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी ही संस्था प्रसिद्ध होती! पुढे पहिला नेब्युला पुरस्कार आणि १९६६ चा (विभागून) ह्यूगो पुरस्कार या कादंबरीला मिळाला. अर्पणपत्रिका कोरडवाहू प्रदेशाच्या परिस्थितिकीचा अभ्यास करणाऱ्यांना उद्देशून आहे आणि पहिल्याच परिशिष्टाचा विषय त्या काल्पनिक ग्रहाची परिस्थितिकी हा आहे. कादंबरीचे मर्म कोठे शोधावयाचे हे लेखकाने स्वतःच या दोन ठिकाणी दाखवून ठेवले आहे.

कथानक थोडक्यात असे. दूरच्या भविष्यकाळात अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर 'स्पाइस' हा पदार्थ मिळतो. त्याच्यावाचून ताऱ्याताऱ्यांमधील दळणवळण अशक्य आहे. सम्राट हा ग्रह हार्कोनेन घराण्याकडून काढून आत्रेडिस घराण्याकडे सोपवितो. त्यामागे कपट असते. आत्रेडिस घराण्याचा नाश होतो. तरुण वारस पॉल आणि त्याची आई जेसिका वाळवंटात पळतात, तेथील फ्रेमेन लोकांत मिसळतात आणि पॉल त्यांचा प्रेषित बनून साम्राज्य उलथवितो.

एका भूभागाचे त्याच्या एकाच पिकासाठी वरच्यावर हस्तांतर होणे, आणि राबणाऱ्यांना त्याची वार्ता नंतर कळणे, हा प्रकार वऱ्हाडच्या इतिहासाला परका नाही. निजामाकडे थकलेल्या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. नावापुरते स्वामित्व एकाचे, महसूल आणि कापूस दुसऱ्याचा, आणि काळ्या मातीत राबणारे तिसरेच. हर्बर्टपुढे वऱ्हाड नव्हता, तेलाचा अरबस्तान होता, परंतु व्यवस्थेची जात एकच आहे.

या व्यवस्थेचे वर्णन कादंबरीत पाण्याच्या हिशेबातून येते. राजवाड्यासमोर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागते, माणसाला आठ. म्हणजे एक झाड पाच माणसांचे पाणी पिते आणि वीस झाडे शंभर माणसांचे. मेजवानीच्या दालनात प्रवेश करताना पाहुण्यांनी हात धुऊन पाणी जमिनीवर सांडावे, टॉवेल तेथेच टाकावे आणि ते पिळून निघालेले पाणी दाराबाहेरच्या याचकांना मिळावे, असा पूर्वीच्या राज्यकर्त्यांचा रिवाज असतो. नवा ड्यूक तो बंद करून प्रत्येक याचकाला पेलाभर पाणी देण्याची आज्ञा करतो. फ्रेमेन लोकांत मृताच्या देहातील पाणी टोळीच्या मालकीचे असते. पॉलच्या हातून द्वंद्वयुद्धात जॅमिस मारला जातो, त्याच्या देहातील सुमारे तेहतीस लिटर पाणी मोजून पॉलच्या नावे लागते. अंत्यविधीत पॉलच्या डोळ्यांतून अश्रू येतात तेव्हा सारी टोळी स्तब्ध होते, कारण मृतासाठी कोणी स्वतःच्या देहातील पाणी खर्च केलेले त्यांनी पाहिलेले नसते.

या सर्वांच्या मुळाशी पार्डट काइन्स व त्याचा मुलगा लिएट काइन्स या दोन शास्त्रज्ञांची योजना आहे. दवबिंदू गोळा करून, वाऱ्यातील बाष्प धरून, गुप्त तळ्यांत थेंबथेंब साठवून तीनशे ते पाचशे वर्षांत ग्रहाचे हवामान पालटावयाचे. लावणाऱ्याला फळ दिसणार नाही, नातवाच्या नातवाला दिसेल. कादंबरीतील खरे महाकाव्य हे आहे. पॉलची कथा त्यावर येऊन आदळणारी घटना आहे.

अपूर्ण प्रकल्प : १९७१ ते १९८०

'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) चे निर्माते आर्थर जेकब्स यांनी १९७१ मध्ये चित्रपटाचे हक्क प्रथम मिळविले. दिग्दर्शनासाठी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) चे डेव्हिड लीन यांना विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. १९७३ मध्ये जेकब्स यांच्या निधनाने प्रकल्प थांबला. डिसेंबर १९७४ मध्ये एका फ्रेंच गटाने हक्क घेतले आणि चिलीत जन्मलेले दिग्दर्शक आलेहान्द्रो होदोरोव्स्की यांची नेमणूक झाली.

होदोरोव्स्की यांचा न झालेला चित्रपट हा चित्रपटेतिहासातील दंतकथेचा विषय आहे. चित्रकार मोबियस, एच. आर. गीगर आणि ख्रिस फॉस, लेखक डॅन ओबॅनन, संगीतासाठी पिंक फ्लॉइड, सम्राटाच्या भूमिकेत साल्व्हादोर दाली, शिवाय ऑर्सन वेल्स अशी योजना होती. प्रत्येक दृश्याची रेखाटने असलेला जाडजूड स्टोरीबोर्ड ग्रंथ तयार झाला. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी पैसे दिले नाहीत. चित्रपट चौदा तासांचा होईल असे हर्बर्ट यांनाही दिसले. पुढे याच मंडळींपैकी ओबॅनन, गीगर, फॉस आणि मोबियस 'एलियन' (१९७९) या चित्रपटासाठी एकत्र आले, त्यामुळे हा प्रकल्प अगदीच वाया गेला असे म्हणता येत नाही. फ्रँक पॅव्हिच यांचा २०१३ चा माहितीपट या साऱ्याची कहाणी उत्साहाने सांगतो.

त्या उत्साहात एक गोष्ट झाकली जाते. होदोरोव्स्की यांच्या आराखड्यात शेवटी पॉल मरतो, त्याची जाणीव सर्वांत संक्रमित होते आणि ग्रह क्षणात हिरवागार होऊन विश्वात संचार करू लागतो. १९७० च्या दशकातील मुक्तीच्या स्वप्नाशी हा शेवट सुसंगत होता. परंतु पाचशे वर्षांच्या श्रमाची जागा येथे साक्षात्काराने घेतली आहे. चित्रपट झाला असता तर तो कदाचित थोर ठरला असता, पण पाण्याचा हिशेब त्यात नव्हता.

१९७६ मध्ये इटालियन निर्माते दिनो दे लॉरेन्तिस यांनी हक्क घेतले. १९७८ मध्ये स्वतः हर्बर्ट यांनी लिहिलेली पटकथा १७५ पानांची झाली. जवळजवळ तीन तासांच्या या पटकथेचा उपयोग झाला नाही. म्हणजे लेखकालाही आपली कादंबरी कापता आली नाही, आणि यात नवल नाही. रिडली स्कॉट यांनी काही काळ काम केले. १९८० मध्ये थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर ते बाहेर पडले आणि 'ब्लेड रनर' (१९८२) कडे वळले.

लिंच यांचा चित्रपट : १९८४

'द एलिफंट मॅन' (१९८०) मुळे नावारूपास आलेले डेव्हिड लिंच यांच्याकडे १९८१ मध्ये काम आले. चित्रीकरण १९८३ मध्ये मेक्सिकोतील चुरुबुस्को स्टुडिओत आणि सामालायुकाच्या वाळूत झाले. सुमारे चार कोटी डॉलर खर्च झालेला हा चित्रपट १४ डिसेंबर १९८४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेथे खर्चही भरून निघाला नाही. चार तासांहून अधिक लांबीच्या कच्च्या संकलनातून १३७ मिनिटे उरली होती. काही चित्रगृहांत प्रेक्षकांच्या हाती शब्दार्थांचा छापील कागद देण्यात आला. चित्रपट पाहण्यापूर्वी शब्दकोश वाचावा लागणे, ही रूपांतराच्या अपयशाची कबुलीच होय. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी तीन तासांहून लांब आवृत्ती तयार झाली, तीवरून लिंच यांनी आपले नाव काढून घेतले.

या चित्रपटाची मुख्य अडचण आंतरिक स्वगताची होती. कादंबरीत पात्रे बोलतात एक आणि मनात म्हणतात दुसरे. मेजवानीचा संपूर्ण प्रसंग या दुहेरी संभाषणावर उभा आहे. लिंच यांनी पात्रांचे विचार कुजबुजत्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दृश्यांवर ठेवले. परिणाम असा झाला की चेहऱ्याने जे दाखविले तेच आवाजाने पुन्हा सांगितले.

ही अडचण चित्रपटमाध्यमाला सोडविता येत नाही असे मात्र नाही, आणि याचा उत्तम दाखला मराठीत आहे. गो. नी. दांडेकर (जन्म परतवाडा, १९१६) यांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. डोंगरावरच्या मधमाश्यांच्या राणीने आपला डोळा फोडला, म्हणून सूड घेण्यास निघालेल्या ठाकर तरुणाची ही कथा. नाग्याची श्रद्धा, त्याचा संताप आणि डोंगराशी असलेले त्याचे नाते हे सारे कादंबरीत निवेदकाच्या भाषेतून येते. पटेल यांनी ते ना. धों. महानोर यांच्या गीतांवर, हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतावर आणि ढोलावर सोपविले. गाणारे सूत्रधार कथेच्या आत-बाहेर वावरतात. मनातले बोलण्यासाठी मोहन आगाशे किंवा स्मिता पाटील यांना कुजबुजावे लागत नाही. लोकनाट्याची परंपरा हाताशी असलेल्या दिग्दर्शकाला हा मार्ग सुचला, हॉलिवूडच्या स्टुडिओला तो सुचणे कठीण होते. दोन्ही चित्रपटांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून ही नोंद अधिक महत्त्वाची वाटते. मोठ्या कादंबरीच्या रूपांतरात पैशांचा प्रश्न दुय्यम असू शकतो.

पाण्याच्या बाबतीत १९८४ च्या चित्रपटाने केलेली काटछाट तपशिलात पाहावी लागते. मेजवानी नाही, त्यामुळे टॉवेल पिळून याचकांना पाणी देण्याचा रिवाज आणि तो मोडणारा ड्यूकही नाही. जॅमिसशी झालेले द्वंद्व चित्रित झाले होते, परंतु चित्रगृहांतील आवृत्तीतून ते गळाले आणि त्याबरोबर मृतासाठी ढाळलेले अश्रूही गेले. मॅक्स फॉन सिडो यांच्यासारखा समर्थ नट असूनही काइन्सची भूमिका आक्रसली. साठविलेल्या पाण्याचे तळे दिसते, पण ते कोणी, किती पिढ्यांत आणि कशासाठी भरले हे मनावर ठसत नाही.

आणि मग शेवटी पाऊस पडतो. पॉल विजयी होतो आणि आकाशातून धारा कोसळतात. कादंबरीच्या दृष्टीने ही केवळ जास्तीची कल्पना नव्हे, ती सरळ उलटी कल्पना आहे. वाळूतील कृमींना पाणी विष आहे आणि स्पाइस त्या कृमींच्या जीवनचक्रातून निर्माण होते. अराकिसवर असा अचानक पाऊस पडला तर कृमी मरतील, स्पाइस संपेल आणि ज्या साम्राज्यावर पॉलने ताबा मिळविला ते ठप्प होईल. हर्बर्ट यांनी चित्रपटाचे एकंदरीत कौतुक केले, परंतु या शेवटाबद्दल त्यांचा आक्षेप होता. देव असल्याची बतावणी करणारा माणूस त्यांनी रंगविला होता, पाऊस पाडणारा देव नव्हे. दुष्काळी मुलखात पाऊस पडला की गोष्ट सुफळ संपूर्ण होते, ही समजूत चित्रपटांत जगभर आढळते. भारतीय प्रेक्षकाला तर ती पाठच आहे. 'ड्यून' त्या समजुतीच्या विरोधात लिहिलेली कादंबरी आहे.

दूरचित्रवाणी मालिका : २०००

डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतील साय-फाय वाहिनीने जॉन हॅरिसन दिग्दर्शित मालिका तीन भागांत दाखविली. प्रागच्या स्टुडिओत चित्रित झालेल्या या मालिकेतील वाळवंट रंगविलेल्या पडद्यांचे आहे, हे लपत नाही. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांनी ते नाटकाच्या रंगमंचासारखे प्रकाशित केले आणि छायालेखन व दृश्यपरिणाम यांसाठी तिला एमी पुरस्कार मिळाले. लांबी चार तासांहून अधिक असल्याने मेजवानी येथे शिल्लक राहिली. साधने तोकडी, पण वेळ पुरेसा, अशा स्थितीत कादंबरीतील राजकारण अधिक समजते, एवढे यावरून दिसते.

व्हिलनव्ह यांचे दोन चित्रपट : २०२१ आणि २०२४

पॅरामाउंट स्टुडिओने २००८ मध्ये हाती घेतलेला प्रकल्प २०११ मध्ये सोडून दिला. २०१६ मध्ये लेजंडरी या संस्थेने हक्क मिळविले आणि कॅनडाचे दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांची नियुक्ती झाली. कादंबरी एका चित्रपटात मावणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. पहिला भाग (१५५ मिनिटे) व्हेनिस महोत्सवात ३ सप्टेंबर २०२१ रोजी दाखविला गेला. दुसऱ्या भागाला परवानगी मिळाली ती पहिला भाग अमेरिकेत प्रदर्शित झाल्यानंतर चार दिवसांनी, २६ ऑक्टोबर २०२१ रोजी. अर्धी कथा सांगून पुढच्या अर्ध्या कथेची शाश्वती नसणे, ही जोखीम लहान नव्हती. पहिल्या भागाला सहा ऑस्कर पुरस्कार मिळाले. दुसरा भाग (१६६ मिनिटे) मार्च २०२४ मध्ये आला आणि त्याला आणखी दोन मिळाले.

दोन्ही भागांना मिळालेल्या पुरस्कारांत दृश्यपरिणामांचा पुरस्कार समान आहे आणि या कामात अग्रभागी असलेली डीएनईजी ही संस्था महाराष्ट्राशी संबंधित आहे. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकस या कंपनीशी लंडनच्या डबल निगेटिव्हचे २०१४ मध्ये एकत्रीकरण होऊन तिचे आजचे रूप सिद्ध झाले. जॉर्डनमधील वाडी रम आणि अबू धाबीच्या वाळवंटात चित्रीकरण झाले. स्टुडिओत नेहमीच्या हिरव्या वा निळ्या पडद्याऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे उभारण्यात आले, जेणेकरून नटांच्या चेहऱ्यावर वाळवंटाचाच प्रकाश परावर्तित व्हावा. भूमीला दिलेले हे महत्त्व नजरेत भरते.

व्हिलनव्ह यांनी स्वगताचा प्रश्न जवळजवळ मौनाने सोडविला. आई व मुलगा हातांच्या खुणांनी बोलतात आणि पॉलचे भविष्यदर्शन तुकड्यातुकड्यांनी दिसते. पाण्याचे अनेक तपशील प्रथमच पडद्यावर ठळकपणे आले. खजुराच्या झाडांचा हिशेब आहे. कादंबरीत ती झाडे दुरून पाहणाऱ्यांच्या नजरेतील असूया महत्त्वाची आहे. चित्रपटात एक माळी पॉलला सांगतो की ही झाडे पवित्र आहेत, ते एक जुने स्वप्न आहे. असूयेच्या जागी श्रद्धा आली, तरी शंभर माणसांचे पाणी हा आकडा कायम राहिला. स्टिलगर भेटीच्या मेजावर थुंकतो, तो अपमान नसून देहातील ओलाव्याची भेट आहे, हेही येते. दुसऱ्या भागाच्या आरंभी मारलेल्या हार्कोनेन सैनिकांच्या देहांतील पाणी यंत्राने काढले जाते, आणि ते रसायनांनी दूषित असल्याने पिण्यास नालायक असल्याचे सांगितले जाते. तृषेने प्राण जात असतानाही ज्याला कोणी तोंड लावणार नाही असे पूर्वजांच्या पाण्याचे तळे दिसते. लिएट काइन्स येथे स्त्री आहे (शॅरन डंकन-ब्रूस्टर). अराकिस नंदनवन होऊ शकले असते, तसे काम सुरूही झाले होते, परंतु स्पाइसचा शोध लागला आणि वाळवंट नाहीसे व्हावे असे मग कोणालाच वाटेना, असे ती सांगते. कादंबरीतील कित्येक पृष्ठांचा आशय पटकथेने येथे दोन-तीन वाक्यांत आणला आहे. रूपांतर म्हणून हे कौशल्य मान्य करावे लागते.

तथापि एक महत्त्वाची वजाबाकी येथेही आहे. कादंबरीत काइन्सला वाळवंटात मरण्यासाठी सोडून दिले जाते. ग्लानीत त्याला मृत वडिलांचा आवाज ऐकू येतो. वडील अजूनही व्याख्यान देत आहेत : गवताच्या जाती, बाष्पाचे प्रमाण, पिढ्यांचा कालावधी. त्याच प्रसंगी ते बजावतात की तुझ्या लोकांवर एखाद्या महानायकाच्या हाती सापडण्याइतके भयंकर संकट दुसरे नाही. परिस्थितिकीचा धडा आणि नायकपूजेविरुद्धचा इशारा हर्बर्ट यांनी एकाच मुखातून, एकाच क्षणी वदविला आहे, कारण त्यांच्या मते त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पाचशे वर्षांची धीमी लोकयोजना आणि एका पिढीत स्वर्ग देऊ करणारा प्रेषित यांच्यातील हा विरोध आहे. फ्रेमेनांनी प्रेषित निवडला आणि योजना त्याच्या युद्धाला जुंपली गेली.

चित्रपटातील काइन्स वाळूतील कृमीला बोलावून शत्रूसह मरण पत्करते. दृश्य प्रभावी आहे, पण वडिलांचा आवाज त्यात नाही. नायकपूजेविरुद्धचा इशारा व्हिलनव्ह यांनी दुसऱ्या भागात चानीकडे सोपविला. पॉलवर प्रेम करणारी आणि प्रेषितावर विश्वास न ठेवणारी ही चानी मूळ कादंबरीतील चानीहून बरीच वेगळी आहे. हा बदल अनेक समीक्षकांना भावला आणि तो तर्कशुद्धही आहे. परंतु त्यामुळे इशारा उरला प्रेमकथेत आणि पाणी उरले पार्श्वभूमीत. दोहोंमधला सांधा निखळला. काळाच्या संकोचानेही हेच घडविले. कादंबरीत पॉलच्या वाळवंटातील वास्तव्यात दोन वर्षे जातात, त्याची बहीण जन्मते, त्याचा पहिला मुलगा मारला जातो. चित्रपटात जेसिका शेवटपर्यंत गर्भवतीच आहे, म्हणजे सारे काही महिन्यांत आटोपते. जेथे नायकाला दोन वर्षे मिळत नाहीत तेथे गवताला पाचशे कोठून मिळणार!

मराठी विज्ञानसाहित्य आणि पडदा

या इतिहासाकडे मराठीतून पाहताना एक विसंगती जाणवते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हापासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींनी ही परंपरा समृद्ध केली. तिचे प्रमुख आश्रयस्थान दिवाळी अंक राहिले, त्यामुळे कथा हाच तिचा स्वाभाविक घाट ठरला. एक कल्पना, एक कलाटणी आणि पंधरा-वीस पाने. पिढ्यांचा कालावधी मागणारी कल्पना या घाटात मावत नाही. दुसरीकडे ग्रामीण व आदिवासी जीवनावरील मराठी कादंबरीने भूमी, पाणी आणि पीक यांचा तपशील जेवढा दिला तेवढा क्वचितच कोठे मिळेल. 'ड्यून' मध्ये जे दोन प्रवाह एकत्र आले, ते मराठीत दोन निरनिराळ्या कपाटांत राहिले आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांनीही ते तसेच ठेवले. विज्ञानकथेच्या प्रश्नपत्रिकेत खारपाणपट्टा येत नाही आणि ग्रामीण साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत भविष्यकाळ येत नाही. तंत्राच्या अभावाकडे बोट दाखविण्याची सोय आता राहिलेली नाही. ते तंत्र मुंबईत आहे आणि दुसऱ्यांच्या वाळवंटासाठी वापरलेही गेले आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

अराकिसच्या पाण्याची कथा पहिल्या कादंबरीत संपत नाही. हर्बर्ट यांनी १९८५ पर्यंत या मालिकेत एकूण सहा कादंबऱ्या लिहिल्या. 'ड्यून मसाया' (१९६९) मध्ये विजयी प्रेषिताच्या युद्धांचा जमाखर्च आहे. 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' (१९७६) मध्ये काइन्स पितापुत्रांची योजना सफल होऊ लागते : कालवे वाहतात, हिरवळ पसरते, आणि त्याच वेळी कृमी मरू लागतात. फ्रेमेनांच्या नव्या पिढीला देहातील ओलावा जपणारा पोशाख नीट घालता येत नाही, पाण्याचे माप ठाऊक नाही, आणि वृद्ध लोक वाळवंटाची आठवण काढतात. दूरचित्रवाणीने २००३ मध्ये या भागावर मालिका केली. मोठ्या पडद्यासाठी व्हिलनव्ह यांनी 'ड्यून मसाया' पर्यंतच जाण्याचे ठरविले असून त्या चित्रपटाचे चित्रीकरण २०२५ मध्ये सुरू झाले. त्यापुढची कालव्यांची, हिरव्या झालेल्या वाळूची आणि मरू लागलेल्या कृमींची पाने त्यांच्या योजनेबाहेर आहेत.